गाडीचं काळं प्लॅस्टिक बॉडीच्या रंगात रंगवायचंय. रंग टिकतो का?

चांदणपट्टी:

नमस्कार मंडळी,

माझी हॅचबॅक आहे, सगळ्यात खालचं मॉडेल. रंग मेटॅलिक सिल्व्हर. पत्रा आणि इंजिन दोन्ही ठणठणीत, विकायचा विचार अजिबात नाही. पण खालचं मॉडेल असल्यामुळे मिररची कव्हरं, दारांची हँडलं, दारांवरच्या पट्ट्या आणि मागच्या बंपरचा खालचा भाग काळ्या खरखरीत प्लॅस्टिकचा आहे. उन्हाने ते काळं पार उडालंय. गाडी धुतली की ओली असेपर्यंत छान दिसते, वाळली की पुन्हा पांढुरकी. वरच्या मॉडेलमध्ये हेच सगळे भाग सिल्व्हर येतात आणि ती गाडी फार देखणी दिसते. माझीही तशी करावी असं मनापासून वाटतंय.

पण एक गोष्ट पाहिल्यापासून हात आखडलाय. ओळखीतल्या एका गाडीचा बंपर असाच रंगवून घेतला होता आणि वर्षाच्या आत तो कडेने सुटायला लागला. मी नखाने कड उचलून पाहिली तर तळहाताएवढा पापुद्रा अलगद हातात आला. उलटून पाहिला तर मागची बाजू करडी, आणि प्लॅस्टिकवरची ती बारीक खरखर जशीच्या तशी त्यावर उमटलेली. खालचं प्लॅस्टिक मात्र स्वच्छ काळं, रंग कधी चढलाच नव्हता असं.

मग प्लॅस्टिकवर रंग टिकतच नाही का? की करणाऱ्याने काहीतरी वगळलं? आणि यातलं घरी किती करता येईल? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


निवांत_चाक:

मी माझ्या गाडीचं काळं प्लॅस्टिक काळंच ठेवलं, आणि का ते सांगतो. चाकांच्या कमानी आणि बंपरचा खालचा काठ यांना खडी सतत लागते. खरखरीत काळ्या प्लॅस्टिकवर टवका उडाला तरी दिसत नाही, कारण ते आतपर्यंत काळंच असतं. तोच भाग सिल्व्हर केला की प्रत्येक खड्याचा काळा ठिपका उठून दिसणार.

पांढुरकेपणा घालवायचा असेल तर ट्रिमसाठी वेगळा काळा डाय मिळतो. प्लॅस्टिक नीट धुऊन, तेलकटपणा काढून लावला तर बराच काळ टिकतो. चकचकीत करणारं ते तेलकट ड्रेसिंग मात्र लावू नका, दोन-चार धुण्यांत जातं. हीटगनने प्लॅस्टिक तापवून काळं करतात तेही पाहिलंय. काळेपणा येतो खरा, पण ऊन सोसणारं त्यात काहीच उरलेलं नसतं, म्हणून पुन्हा फिकं पडतं.

मिरर आणि हँडलं रंगवायला हरकत नाही. खालचा बंपर तरी तसाच ठेवा, असं माझं मत.


गनवाला:

ताई, तुम्ही पापुद्रा उलटून पाहिलात हे फार चांगलं केलंत, निदान तिथेच होतं. मागची बाजू करडी, म्हणजे प्रायमर रंगाबरोबरच निघून आला. प्रायमर, रंग आणि क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, यांनी एकमेकांना घट्ट धरलं होतं, प्लॅस्टिकला धरून कोणीच नव्हतं. करडा थर बंपरवर राहून नुसता रंग सुटला असता, तर प्रायमर न घासता रंग मारला किंवा दोन कोटांमधली वेळ चुकली असं मी म्हटलं असतं. तुमच्या ओळखीच्या गाडीत सगळा गोंधळ पहिल्या थराच्याही आधी झालाय. मी गाड्या रंगवण्याचंच काम करतो, आणि दुरुस्तीला येणाऱ्या सुटलेल्या बंपरांत हीच तऱ्हा सर्वांत जास्त दिसते.

बंपर बहुतेक करून पॉलिप्रोपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात. ठोकर सोसावी म्हणून त्यात ईपीडीएम रबर मिसळतात आणि ताठपणा यावा म्हणून टाल्क, म्हणजे एक खनिज पूड. या पीपीला कशालाच चिकटू द्यायचं नसतं. त्यावर पाण्याचा थेंब टाका, पसरणार नाही, गोळा होऊन बसेल. साध्या प्रायमरचंही तेच होतं. वरून दिसायला तो छान बसतो, पण खाली पकड शून्य. त्यात पीपी तापलं की पोलादाच्या कितीतरी पट पसरतं आणि गार झालं की आक्रसतं. रोजच्या उन्हात हे चालूच असतं. पकड नसलेला थर आधी कडेला सुटतो, मग तिथून पाणी आत शिरतं.

यावरचा उपाय म्हणजे अ‍ॅडहिजन प्रमोटर. यात बहुधा क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन असतं. ते पीपीशीही जुळतं आणि वरच्या रंगाशीही. पाण्यासारखं पातळ, जवळजवळ पारदर्शक असतं, त्यामुळे मारलं की नाही हे नंतर बघून कळत नाही. नेमकी म्हणूनच ही पायरी गाळली जाते. दुसरीकडे काही जण जास्त पकड मिळेल म्हणून जाड मारतात, तेही वाईट. जाड थर स्वतःच कमकुवत असतो आणि त्यात थिनर अडकून राहतं. एकसारखा, पातळ, ओलसर हात पुरे. त्यानंतर पुढचा थर किती मिनिटांत मारायचा ते डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ती वेळ हुकली तर हलकं घासून प्रमोटर पुन्हा मारायचा. त्यावर पॉलिश पेपर मारून तसंच पुढे जायचं नाही.

पण ताई, प्रमोटरही स्वच्छ प्लॅस्टिकलाच धरतो, आणि माझा निम्मा वेळ इथेच जातो. वर निवांत_चाक यांनी ज्या तेलकट ड्रेसिंगचा उल्लेख केला त्यात बहुधा सिलिकॉन असतं. खरखरीच्या प्रत्येक खळग्यात ते मुरून बसलेलं असतं. त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, आम्ही त्यांना फिशआयच म्हणतो. म्हणून आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. फडकं खळग्यात पोचत नाही, ब्रशच हवा. मग भरपूर पाण्याने धुवायचं आणि पाणी कसं ओघळतं ते बघायचं. पीपीवर ते काचेसारखं सलग पसरणार नाही, पण एखाद्याच जागी तुटून वेगळे थेंब होत असतील तर तिथे अजून तेलकटपणा आहे. वाळल्यावर प्लॅस्टिकसाठीचा क्लीनर घ्यायचा आणि दोन फडकी: एकाने ओलं पुसायचं, ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचं. नुसतं वाळू दिलं तर विरघळलेला मळ तिथेच पुन्हा बसतो. मग करड्या स्कफ पॅडने घासायचं आणि परत हेच पुसणं. भाग नवा कोरा असेल तर साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं द्रव्य त्यावर असतं. ते बाहेर यावं म्हणून आम्ही भाग साधारण ६० अंश सेल्सियसला तापवतो आणि पुन्हा पुसतो.

पुढे जाण्याआधी एक काम करा. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला दोन कोनी कंसांत प्लॅस्टिकचा कोड कोरलेला असतो. तो वाचून इथे लिहा. सगळं काळं प्लॅस्टिक एक नसतं. पाण्यावर तरंगलं तर पीपी, अशी एक चाचणी ऐकायला मिळते, पण टाल्क भरलेलं पीपी बुडूही शकतं, तेव्हा कोडच बघा. बंपरमध्ये पार्किंग सेन्सर आहेत का तेही सांगा.


चांदणपट्टी:

गनवाला दादा, इतकं नीट समजावलंत, खूप आभार. टॉर्च घेऊन सगळीकडे बघितलं. मिरर कव्हरच्या आत एबीएस लिहिलंय. बंपरच्या आतल्या काठावर पीपी + ईपीडीएम आणि पुढे टीडी २०. पट्ट्यांवरही पीपीच आहे. हँडलचा कोड ते काढल्याशिवाय दिसत नाही. मागे चार सेन्सर आहेत, काळे, बटणासारखे.

आता खरा प्रश्न. खरखर ठेवून वर सिल्व्हर मारला तर कसं दिसेल? की ती घासून गुळगुळीतच करावी लागेल? आणि स्प्रे कॅनने घरी जमेल का?


गनवाला:

टीडी २० म्हणजे २० टक्के टाल्क भरलेलं. प्रमोटर तुमच्या बंपरला आणि पट्ट्यांना हवाच. मिररचं एबीएस सरळ आहे, रंगाला चांगलं धरतं, त्याला घासणं आणि प्लॅस्टिक प्रायमर पुरतो. पण एबीएसला थिनरने कधीही पुसू नका. थिनर त्याला विरघळवतो, आणि वरून काही दिसलं नाही तरी नंतर तिथे बारीक तडे जाऊ शकतात.

खरखरीबद्दल स्पष्टच सांगतो, कारण पेंटरकडे जाऊन निराश होणारे लोक इथेच निराश होतात. पांढरा किंवा लाल साधा रंग असता तर खरखरीवर चालून गेला असता. मेटॅलिक सिल्व्हरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण असतात आणि ते पत्र्यावर आडवे, एका दिशेने निजतात म्हणून चमक येते. खरखरीवर प्रत्येक उंचवट्याच्या उतारावर कण वेगळ्या कोनात बसतो. कोड तोच, डबा तोच, तरी तो भाग बॉडीशेजारी काळपट आणि मळका दिसतो. माझ्या डोळ्याला ते खपत नाही.

गुळगुळीत करायचं तर १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखर उतरवावी लागते. घासताना पीपीला बारीक केस उठतात, मशीन जोरात चालवून प्लॅस्टिक तापलं तर जास्तच. ते केस नुसते घासून जात नाहीत. प्रमोटर आणि प्रायमर मारला की केस कडक होतात, मग कापले जातात. त्यावर हाय-बिल्ड (जाड थर देणारा) टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, प्रायमर, त्यात फ्लेक्स अ‍ॅडिटिव्ह, म्हणजे बंपर दबला तरी थर तडकणार नाही. मग ब्लॉकला कागद लावून ४०० आणि ६०० ने पाणी घालून घासायचं, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणं. बोट फिरवून खळगा लागत नाही तोवर. पट्ट्यांसाठी मी हे आनंदाने करेन. बंपरच्या खालच्या भागासाठी इतके थर चढवायचे आणि मग त्यांना खडीपुढे उभं करायचं, हे मला पटत नाही. वरच्या मॉडेलचा गुळगुळीत भाग वेगळा मिळत असेल तर तो आणून रंगवणं कधीही चांगलं.

सेन्सरवर पुट्टी किंवा जाड प्रायमर अजिबात नको. सेन्सरचं तोंड थरथरून आवाज पाठवतं आणि तेच परत आलेला आवाज ऐकतं. थर जाड झाला किंवा सेन्सर आणि त्याची रबरी कडी रंगाने एकमेकांना चिकटली की तो चुकीचं वाजायला लागतो. ते बाहेर काढून, कडी वेगळी करून, फक्त तोंडावर पातळ थरांत रंगवायचे. हे तुमच्या अल्ट्रासॉनिक सेन्सरबद्दल. बंपरच्या आत रडार असलेली गाडी असेल तर गोष्ट निराळी. तिथे धातूचे कण असलेल्या रंगाच्या जाडीला कंपनीच्या मर्यादा असतात आणि त्या त्या मॉडेलच्या दुरुस्तीच्या पुस्तकातूनच बघाव्या लागतात.

आता घरी किती? काढणं, धुणं, घासणं घरी करा, हौसेने करा. क्लिअरचं मात्र घरी करू नका, हे मी कळकळीने सांगतोय. साधा, हार्डनर नसलेला क्लिअर पेट्रोलचा थेंब पडला की मऊ होतो. टिकणारा क्लिअर टू-के, आणि त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो आणि तो माणूस या कामापासून कायमचा तुटतो. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे काही उपयोगाचा नाही. चांगल्या वर्कशॉपमध्ये आम्ही बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालून मारतो. टू-केचा कॅन मिळतो म्हणजे तो घराच्या गॅरेजमध्ये मारण्याजोगा झाला असं नाही.


लाइन_नंबर_दोन:

मी गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या भागांना रंग देणाऱ्या कारखान्यात आहे, थोडी भर घालते.

आमच्याकडे पीपीचा भाग बूथमध्ये शिरण्याआधी त्यावरून गॅसची ज्योत सरकवतात. क्षणभरच. त्याने वरचा थर ऑक्सिडाइझ होतो आणि रंग पसरायला लागतो. काही ठिकाणी प्लाझ्मा वापरतात. हे वाचून घरी ब्लोलँप हातात घेऊ नका. किंचित जास्त थांबलं की प्लॅस्टिक वाकतं, ते परत सरळ होत नाही.

आता रंग जुळण्याबद्दल. नव्या कोऱ्या गाडीतही बंपर आणि फेंडर शेजारी बघा, मेटॅलिकमध्ये बारकासा फरक दिसतो. बॉडीचा पहिला प्रायमर साधारण १६० ते १८० अंशांना भाजला जातो. त्या तापमानाला आमचा बंपर टिकणारच नाही, म्हणून तो वेगळ्या लाइनवर, वेगळ्या रंगाने, साधारण ८० अंशांना वाळतो. त्यामुळे तुमच्या पेंटरने शंभर टक्के जुळवावं ही अपेक्षा ठेवू नका. पण ओळखू येणार नाही इतकं नक्की जुळवता येतं.

त्यासाठी दोन गोष्टी बघा. एकाच कलर कोडच्या बऱ्याचदा दोन-तीन छटा असतात, थोडी निळसर, थोडी भरड अशा. आधी कार्डावर रंग मारून, त्यावर क्लिअर देऊन, वाळवून, ते कार्ड उन्हात गाडीला लावून बघायचं. समोरून आणि तिरकसही. कार्ड मारणारी गन, हवेचा दाब आणि हात तोच हवा, कारण कोरडा मारलेला मेटॅलिक उजळ येतो आणि ओला मारलेला गडद. दुसरं म्हणजे भाग गाडीवर जसा असतो तसाच स्टँडवर लावून रंगवायला सांगा. मिरर टेबलावर आडवा ठेवून रंगवला तर कण वेगळे निजतात आणि गाडीवर बसवल्यावर वेगळीच छटा दिसते.

आणखी एक. प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने जोरजोरात पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि ते आजूबाजूची धूळ ओढून घेतं. शेवटचं पुसणं अँटिस्टॅटिक क्लीनरने, हलक्या हाताने.


चांदणपट्टी:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ठरवलं: मिरर, हँडलं आणि दारांवरच्या पट्ट्या रंगवून घ्यायच्या, बंपरचा खालचा भाग डायने काळाच ठेवायचा. निवांत_चाक, तुमचं पटलं. काढणं आणि धुणं मी करेन, रंग वर्कशॉपमध्ये. तिथे नेमकं काय विचारू, आणि काढताना काय सांभाळू?


गनवाला:

चांगला निर्णय. काढताना सांभाळायच्या दोन जागा. पट्ट्या आतून फोमच्या दुहेरी टेपने आणि कधी क्लिपांनी बसवलेल्या असतात. हेअर ड्रायरने कोमट करा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचला, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. गारठ्यात क्लिपा पटकन तुटतात, थोड्या जास्तीच्या आणून ठेवा. मिरर कव्हर काढायच्या आधी त्याची काच काढावी लागते का ते मॉडेलनुसार बदलतं, मॅन्युअल बघून घ्या, जोर लावू नका. हँडल निघालं की आतला कोड वाचून घ्या.

वर्कशॉपमध्ये विचारा, पीपीला कोणता प्रमोटर मारता आणि त्याचं माहितीपत्रक दाखवाल का? नीट काम करणारा माणूस या प्रश्नाने रागावत नाही, उलट खुलून बोलतो. "आमच्या प्रायमरला काही लागत नाही" असं म्हणाला तर त्याच्या डब्यावर पीपी लिहिलंय का ते बघा. असे प्रायमर खरोखर असतात, पण डब्यावर तसं लिहिलेलं असतं. मग टेस्ट कार्ड मागा. क्लिअरमध्ये फ्लेक्स घालणार का हेही विचारा. पट्ट्या वाकतात, मिरर वाकत नाहीत, तेव्हा तो पट्ट्यांनाच हवा.

हँडलचा मागचा आणि आतला भाग, जिथे बोटं जातात, तिथेही पूर्ण क्लिअर मारून घ्या. अंगठी आणि नखं तिथेच लागतात. चावीचं भोक आणि हँडल जिथे आत सरकतं त्या कडा मास्क करायला सांगा. तिथे रंग जाड झाला तर हँडल अडकतं आणि पहिला टवका तिथूनच उडतो.

भाग परत आले की आधी उलटे करून बघा. रंग कडेवर टेपच्या सरळ रेषेत तोडलेला नसावा, कडेवरून वळून आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढा तरी गेलेला असावा. पापुद्रा उघड्या कडेलाच सुटायला लागतो. तीक्ष्ण कडाही प्रायमरच्या आधी कागदाने किंचित गोल केलेल्या हव्यात, कारण ओला रंग धारेवरून मागे ओढला जातो आणि तिथे थर नको तितका पातळ राहतो. पहिला महिनाभर वॅक्स लावू नका. आणि प्रेशर वॉशर वापरलात तर नोझल या भागांच्या कडांवर जवळून रोखू नका.